गाडी गुदमरत नाही

चि. मुक्ता आणि चि. निहार,

आमच्या वाचनमंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादिकाबाईंनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या. ‘इतकी वर्षं पुरुषांच्या धंद्यात काढलीत, लिहा की काहीतरी खमंग,’ असं त्या म्हणाल्या. खमंग मला जमेल असं वाटत नाही. लिहायचंच तर तुम्हां दोघांना लिहावं असं मी ठरवलं. अंकाच्या इतर वाचकांनी खांद्यावरून वाचलं तर माझी हरकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे परदेशी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुमच्या बाबाचं आणि माझं गॅरेजमध्ये वाजलं. तुम्ही दोघं बाहेर उभे राहून ऐकत होतात. तुमचं गॅरेज घरामागे सुटं आहे आणि त्याला ते एकच मोठं दार. दाराच्या मोटरला आतून एक लाल दोरी लोंबायची. वीज गेली तर ती ओढायची, म्हणजे मोटरची पकड सुटते आणि दार हाताने उचलता येतं. तुमच्या गल्लीत कुणाकडे तरी चोराने दाराच्या वरच्या फटीतून तार घालून अशीच दोरी ओढली. झालं. बाबाने आपली दोरी कापून टाकली आणि ती ज्या खटक्याला बांधलेली होती, तो खटका प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्टीने आवळून ठेवला. मी म्हटलं, पट्टी काढ. तो नाही म्हणाला. मग तो एक वाक्य बोलला. ते ऐकून मी घरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. मुक्ता, तू मागून येऊन विचारलंस, ‘आजी, एवढ्याशा पट्टीवरून कशाला भांडलीस?’ बाबा बोलला ते वाक्य माझंच होतं, हे तुला कसं सांगायचं ते मला कळेना.

निहार फोनवर सांगतो की पट्टी अजून तशीच आहे आणि त्याचे ड्रम आता गॅरेजमध्ये हलवले आहेत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो दार लावून वाजवतो. म्हणून हे लिहिणं.

तुमच्या आजोबांचा कसबा पेठेत रोलिंग शटरचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते आमच्या समाधानासाठी. एका बोळातली लांबट खोली, पत्रा वाकवायचं एक यंत्र, आणि शेजारी तांब्याची भांडी ठोकणारे, त्यामुळे आमच्या आवाजाबद्दल कुणी तक्रार करत नसे. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. आजोबा गेले तेव्हा तुमचा बाबा प्राथमिक शाळेत होता. कारखाना विकावा असं सगळ्यांनी सुचवलं. मी शाळा सोडली आणि बोळातल्या टेबलावर जाऊन बसले. मला पत्र्यातलं काही कळत नव्हतं. ते कळणारा माणूस आमच्याकडे होता, रामभाऊ मिस्त्री. आजोबांच्या बरोबरीचे, कमी बोलणारे. मला ते वहिनी म्हणत आणि शेवटपर्यंत वहिनीच म्हणत राहिले.

शटर म्हणजे काय ते तुम्हांला सांगते, कारण तुमच्याकडची दारं वेगळी असतात. पत्र्याच्या अरुंद पट्ट्या एकमेकींत अडकवून एक पडदा करायचा. तो दोन्ही बाजूंच्या खोबणींतून वर जातो आणि दारावरच्या आडव्या नळीवर गुंडाळला जातो. नळीत स्प्रिंगा असतात. पडद्याचं वजन आणि स्प्रिंगेचा ताण जुळला, तर एवढं जड शटर म्हातारी बाईही एका हाताने उचलू शकते. नाही जुळला तर तेच शटर एखाद्याच्या पायावर येतं. मिस्त्री ताण कानाने जुळवत. स्प्रिंग पिळताना तिचा आवाज बदलतो म्हणे. मी बरीच वर्षं कान देऊन ऐकलं, मला तो कधी ऐकू आला नाही.

मला जमत होतं ते टापटिपीचं काम. मी एक फॉर्म तयार केला. रुंदी, उंची, गाडी कोणती, कुलूप कुठे, पाऊस कोणत्या बाजूने येतो, उंदरांचा उपद्रव आहे का. तळाला शेऱ्यासाठी दोन ओळी आणि गिऱ्हाइकाची सही. बोळातले इतर धंदेवाले सिगारेटच्या पाकिटावर मापं लिहून घेत असताना आमच्याकडे फायली होत्या. त्यांचा मला फार अभिमान होता.

गिऱ्हाइकं एक प्रश्न हमखास विचारत. चोर आत येईल का? एरंडवण्यातले एक निवृत्त इंजिनिअर तर शटर बसवून झाल्यावर स्वतः पहार घेऊन आले. माझ्या हातात घड्याळ देऊन म्हणाले, ‘मी चोर. आपण वेळ मोजा.’ पाच मिनिटं ते आपल्याच शटरवर घाव घालत होते. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी विचारलं, ‘अहो, किल्ली हरवली का?’ ते धापा टाकत म्हणाले, ‘नाही, चोरी चाललीय. पडदा लावून घ्या.’ शटरला पोचे आले पण ते हललं नाही. साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की पोचे फुकट काढून देता का. मी म्हटलं, ‘चोराकडून भरून घ्या.’

असं फटकन बोलायची मला सवय होती. दुकानात बाई बसलेली दिसली की लोक ‘मालक आहेत का’ असं विचारत. मी चार शब्द तिखट बोलले की ते पुढे नीट बोलत. सुरुवातीला ती गरज होती. नंतर चटक लागली. माझी वाक्यं बोळात फिरत आणि मला ते आवडे.

पुढे मोटरवाली शटरं आली. मोटरचे सुटे भाग बुधवार पेठेत मिळत. मिस्त्री आणि मी दुकानं पालथी घालून ते आणायचो. रिमोटचं बटण दाबलं की शटर वर. या मोटरलाही तुमच्यासारखीच दोरी असते, आमच्याकडे ती तारेची असे. मिस्त्री तिला लगाम म्हणत. वीज गेली की लगाम ओढायचा आणि शटर हाताने उचलायचं. आणि पुण्यात वीज गुरुवारी जाते. दुरुस्तीसाठी म्हणून सकाळी जाते ती संध्याकाळी येते. इथलं लहान मूलसुद्धा हे जाणतं.

मग एका कॉलनीत चोरी झाली. हवेसाठी शटरच्या वर जाळी ठेवलेली होती. चोराने ती उचकटली, वाकवलेली तार आत सोडली आणि लगाम ओढला. आठवड्याभरात आमच्या टेबलासमोर रांग लागली. सगळ्यांचं म्हणणं एकच, लगाम काढून टाका.

काढायचा नाही, यावर मिस्त्री ठाम होते. मी दोन दिवस विचार केला आणि एक पेटी काढली. लोखंडाची, आतल्या भिंतीवर बसवायची. लगामाचं टोक त्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली घरात. चोराची तार पेटीपर्यंत पोचली तरी पेटी उघडत नाही. वीज गेली तर घरातून किल्ली आणायची. आत शिरायला मागचं दार नसेल तर बाहेरून पेटीपर्यंत हात पोचावा म्हणून जाळीच्या जागी एक छोटी झडप आम्ही ठेवायचो, तीही त्याच किल्लीची. सुरक्षितता आणि सोय दोन्ही साधली, असं मला वाटलं. किल्लीला अडकवायला मी पत्र्याचा बिल्ला करून घेतला आणि प्रत्येक बिल्ल्यावर माझ्या अक्षरात लिहून दिलं: गॅरेज, आणीबाणी.

पहिली पेटी तयार झाली तेव्हा मिस्त्री बराच वेळ ती हातात धरून होते.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘आत माणूस असला आणि किल्ली घरात राहिली तर? गुदमरायचा.’

‘मिस्त्री, गॅरेजमध्ये गाडी असते,’ मी म्हटलं. ‘गाडी गुदमरत नाही.’

बोळातली दोन-तीन माणसं हसली. मिस्त्रीही हसल्यासारखे झाले आणि पेटी ठेवून कामाला लागले. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात होता, त्या दिवशी डबा घेऊन आला होता. त्याला हे वाक्य फार आवडलं. मग घरात कुणी उगाच काळजी केली की तो म्हणे, ‘गाडी गुदमरत नाही.’ मीही हसत असे.

वारजे नुकतंच शहरात आलं होतं. शेतांचे प्लॉट पडत होते. संपतराव नावाचे एक गृहस्थ तिथून आले. जमिनीचा काही भाग विकून त्यांनी बंगला बांधला होता आणि गॅरेज आवारात सुटं घेतलं होतं. आजूबाजूला अर्धवट बांधकामं, त्यामुळे चोरांची भीती. त्यांना पेटी हवी होती. मी टेबलावरच फॉर्म भरला. गाडी कोणती, विचारलं. ते जरा घुटमळले. ‘गाडी घ्यायचीय अजून,’ म्हणाले. ‘सध्या असंच हाय.’ मी ‘गाडी: घेणार’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. सध्या असंच म्हणजे काय, हे विचारायला मला एक वाक्य पुरलं असतं. उंदरांचं मात्र विचारलं. आहेत म्हणाले, म्हणून शटरच्या तळाला जमिनीशी घट्ट बसणारी रबराची पट्टी लावायचं ठरवलं. वरची जाळी नको म्हणाले, ती बंद करून मी तिथे कुलपाची झडप दिली. शेऱ्यात लिहिलं: पेटीची किल्ली घरात राहील, जबाबदारी ग्राहकाची. त्यांनी सही केली.

त्या गॅरेजमध्ये संपतरावांचे वडील राहत होते. आबा. गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता, आणि बंगल्यातल्या गुळगुळीत फरशीवर त्यांना झोप येत नव्हती. गॅरेजला साधी शहाबादी होती, समोर मोकळं आवार दिसे. ते आपणहून तिथे खाट टाकून राहायला गेले. दिवसभर शटर उघडं असे. हे मिस्त्रींनी शटर बसवताना पाहिलं नाही, कारण तेव्हा बंगल्यात सामान यायचं होतं.

तो गुरुवार होता. घरातली सगळी माणसं हडपसरला लग्नाला गेली. घर बंद, म्हणून सुनेने आबांना विचारून शटर खाली घेतलं आणि रिमोट त्यांच्या उशाशी ठेवला. वाटेल तेव्हा उघडा, म्हणाली. गुरुवार कुणाच्याच लक्षात आला नाही, लग्नाच्या गडबडीत वार कोण बघतं. दहाच्या सुमारास वीज गेली. एप्रिलचे दिवस होते. आबांना दमा होता.

पुढचं आबांनी मला स्वतः सांगितलं, थोडं थोडं. आधी ते बटण दाबत राहिले. मग हाका मारल्या. दूरच्या बांधकामावर यंत्र चालू होतं, कुणाला ऐकू गेलं नाही. पेटी त्यांनी काठीने ठोकली. ती चांगली केलेली होती. मग ते जमिनीवर उतरले, शटरशी आडवे झाले आणि तळाचं रबर नखांनी सोलायला लागले. वीतभर सोललं. तिथे तोंड लावून ते दुपारभर पडून राहिले. किल्ली तेव्हा पन्नास पावलांवर, स्वयंपाकघरातल्या खुंटीला होती. तिच्यावर बिल्ला होता. अक्षर सुवाच्य होतं.

पाचला वीज आली. संपतराव साडेपाचला परतले. त्यांनी आपल्याजवळच्या दुसऱ्या रिमोटचं बटण दाबलं आणि शटर आवाज न करता सरळ वर गेलं. आबा बेशुद्ध होते.

तीन दिवसांनी संपतराव कसबा पेठेत आले. दाढी वाढलेली होती. ते उभ्याउभ्याच म्हणाले, ‘मॅडम, आमच्या शटरात आबा अडकलं.’ आणि घडलेलं सगळं सांगितलं.

मुलांनो, मी तेव्हा काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी उठले, कपाटातून त्यांची फाईल काढली, फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्यांच्या सहीवर बोट ठेवलं.

ते फॉर्मकडे बघून म्हणाले, ‘सही माजीच हाय. मी कुठं न्हाई म्हणतो? पेटी काढून न्या, एवढंच सांगाय आलतो.’

मिस्त्री मागे पत्रा वाकवत होते, ते यंत्र थांबवून पुढे आले. त्यांनी विचारलं, ‘आबा कसे आहेत?’

मी विचारायला हवं होतं ते. माझ्या तोंडातून ते आलंच नव्हतं.

आबा वाचले. हॉस्पिटलमधून घरी आले त्या आठवड्यात आम्ही दोघं वारज्याला गेलो. खाट आवारात, आंब्याखाली होती. चार भिंतींच्या आत ते पुन्हा गेले नाहीत. पावसाळ्यात संपतरावांनी खाटेवर पत्रे घातले, पण चारी बाजू उघड्या ठेवल्या. मी माफी मागायची वाक्यं रिक्षात जुळवत गेले होते. मराठीत जुळेनात म्हणून इंग्रजीतही जुळवून पाहिली होती. आबांनी मला बोलूच दिलं नाही.

‘शटर तुमीच केलं व्हय?’ त्यांनी विचारलं. बोलताना त्यांना मध्ये थांबावं लागत होतं.

‘हो.’

‘लई मजबूत केलंसा बाई. काय बी करा, हलत न्हाई.’ ते कौतुकानेच बोलत होते. हयातभर त्यांनी शेतावरची दारं, फाटकं स्वतः केली होती. चांगलं काम त्यांना कळत होतं. त्यांच्या नखांवर अजून काळं होतं.

मिस्त्रींनी पेटी काढली. आबा म्हणाले, ‘टाकू नका, इकडं द्या. तंबाखू ऱ्हाईल त्यात.’ मिस्त्रींनी तिचं कुलूप काढून खिशात टाकलं आणि रिकामी पेटी खाटेजवळ ठेवली. पुढच्या वर्षी आबा गेले. दम्यानेच गेले, वय झालं होतं, असं संपतराव म्हणाले. मी ते मान्य केलं. मला दुसरं काही मान्य करणं परवडणारं नव्हतं.

मी नवा फॉर्म छापून घेतला. त्यात पहिला रकाना होता: आत कोण असतं? उत्तरं वाचून मी थक्क व्हायची. शिकवणीची मुलं, शिवणाचं यंत्र आणि बाई, पोलिओ झालेला भाऊ, भाडेकरू विद्यार्थी, भांडण झालं की नवरा. पुण्यात गॅरेजमध्ये गाडी फार कमी वेळा असते. हे इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

बसवलेल्या सगळ्या पेट्या काढायला मिस्त्री आणि मी घरोघर गेलो. आतून किल्लीशिवाय उघडेल आणि बाहेरून तार पोचणार नाही, असा आडोसा मिस्त्रींनी केला होता. साधा पत्र्याचा वाकवलेला तुकडा, लगामाभोवती. पेटीच्या आधीच तो सुचला असता, मी त्यांना विचारलं असतं तर. बहुतेकांनी बदलू दिलं. पहारवाल्या इंजिनिअरसाहेबांनी नाही दिलं. दारातूनच म्हणाले, ‘आपलंच वाक्य आहे ना ते? गाडी गुदमरत नाही?’ आणि मोठ्याने हसले. वाक्य तिथवर पोचलेलं होतं. ते परत कसं गोळा करायचं, याला माझ्याकडे फॉर्म नव्हता.

मिस्त्री त्या प्रकरणाबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. ‘मी म्हटलं होतं’ एवढे तीन शब्द त्यांना म्हणता आले असते. मी कित्येक दिवस त्यांची वाट पाहिली. ते म्हणाले असते तर मलाही पुढचे दोन शब्द म्हणता आले असते. ते निवृत्त झाले तेव्हा मी शाल दिली, भाषण केलं, त्यात त्यांच्या कानाचं कौतुक केलं. त्यांचं त्या दिवशीचं बोलणं मी ऐकायला हवं होतं, हे भाषणात नव्हतं. आता ते नाहीत.

तुमचा बाबा तोवर परदेशी गेला होता. ‘एका गिऱ्हाइकाकडे जरा घोटाळा झाला,’ एवढंच मी त्याला कळवलं. आबांचं नाव त्याने ऐकलेलं नाही. म्हणून मागच्या उन्हाळ्यात तो हसत हसत, मला खूश करायला म्हणून म्हणाला, ‘आई, गॅरेजमध्ये गाडी असते. गाडी गुदमरत नाही.’ त्याच्यावर रागावू नका. हे वाक्य त्याला मी शिकवलं.

आता तुमच्यासाठी काम. मुक्ता, हे जेवणाच्या टेबलावर बाबाला वाचून दाखव, पूर्ण, मधलं काही न गाळता. निहार, तुमच्याकडे हिमवादळात वीज जाते आणि तू दार लावून वाजवतोस; बाहेर कुणाला काही ऐकू येणार नाही. चोराची काळजीही खरी आहे, तिला हसू नका. एक पत्र्याचा तुकडा वाकवून खटक्याभोवती आडोसा करता येतो. चित्र काढून या पत्रासोबत पाठवते, बाबाला अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्याची वाट बघू नका. स्वयंपाकघरातली मोठी कात्री घ्या, बाबाला शिडी धरायला सांगा आणि ती पांढरी पट्टी कापा. खटक्याला नवी दोरी बांधा, निहारचा हात पोचेल इतकी लांब.

मग मला फोन करा. वाचून काय वाटलं, आजी अशी कशी वागली, जे विचारायचं ते विचारा. पण आधी कापा.

तुमची,
आजी